कपाटातली कार्डे

२०१४ च्या ऑगस्टात, २३ ते २९ या एका आठवड्यात, जनधन योजनेखाली देशभरातल्या बँकांनी १,८०,९६,१३० खाती उघडली. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. त्यातली काही खाती माझ्या सहीची. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. आढावा बैठकीच्या तक्त्यात रकाना एकच: खाती किती? कार्डे लोकांच्या हाती पडली किती, हे कोणी विचारीत नसे. मीही विचारले नाही.

पुढे काही महिन्यांनी एक बाई आली. तिचा नवरा विहिरीचे काम करताना गेला होता. कार्डावर एक लाखाचा अपघात विमा होता. पण अट अशी, की अपघाताआधीच्या ४५ दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेले हवे. त्याचे कार्ड आमच्या कपाटात होते. पाकीटसुद्धा फोडलेले नव्हते. त्या बाईकडे मान वर करून बघण्याचे धाडस मला झाले नाही.

संध्याकाळी आमचा शिपाई म्हणाला, "साहेब, माणसं मंगळवारी बाजाराला येतात. तवा वाटू की." आम्ही बाजारात टेबल मांडले. दोन महिन्यांत कपाट रिकामे झाले. त्याला हे आधीपासून ठाऊक होते; आम्ही विचारले नव्हते, इतकेच.

योजना फसली की आपण कर्मचाऱ्यांना कामचुकार ठरवतो, नाही तर प्रशिक्षणाला धाडतो. त्याआधी आढावा बैठकीत शिपायाला आणि कारकुनाला खुर्ची द्यावी. आणि तक्त्यात आणखी एक रकाना आखावा: पोहोचले किती?