शंभर माणकांचे घड्याळ

१/ ‘पूर्वीच्या वस्तू प्रामाणिक होत्या, दिखाऊपणा ही आजच्या बाजाराची देणगी’ हे विधान इतिहासाच्या नावाखाली वारंवार केले जाते. मनगटी घड्याळाच्या तबकडीवरील एक आकडा ते खोटे ठरवतो.

२/ एचएमटी ‘जनता’च्या तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे लिहिलेले असे. हा आकडा अर्थपूर्ण होता. चाकांचे आस धातूवर घासून झिजतात, म्हणून ते माणकाच्या छिद्रात बसवतात. या युक्तीचे पेटंट लंडनमध्ये १७०४ साली दिले गेले. चावीच्या साध्या घड्याळाला १७ माणके पुरतात.

३/ १९०२ साली ऑग्युस्त व्हर्नोय याने कृत्रिम माणकाची कृती जाहीर केली. माणिक स्वस्त झाले, पण ग्राहकाच्या मनातील ‘रत्ना’चे मोल उतरले नाही. लबाडीला जागा मिळाली ती इथे.

४/ स्वयंचलित घड्याळाला काही माणके अधिक लागतात, हे खरे. परंतु १९६०च्या दशकात मजल थेट शंभरावर गेली. वॉल्थम नावाने विकल्या गेलेल्या शंभर माणकांच्या एका घड्याळात यंत्र १७ माणकांचेच होते. उरलेली ८३ माणके चावी भरणाऱ्या फिरत्या वजनाच्या कडेला नुसती जडवलेली होती.

५/ त्याच काळात ट्रान्झिस्टर रेडिओंवरही आकड्यांची चढाओढ लागली होती. आकडा फुगवण्यासाठी काही रेडिओंत निरुपयोगी ट्रान्झिस्टर जोडले जात.

६/ ‘ग्राहकालाच ते हवे होते’ हा बचाव लंगडा आहे. ग्राहक घड्याळ उघडून पाहू शकत नव्हता, तो आकड्यावर विसंबला होता. त्या आकड्याची पत पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारागिरांनी कमावली होती. निर्मात्यांनी ती पत उसनी घेतली आणि बुडवली.

७/ अखेर १९७४ साली आयएसओ १११२ हे आंतरराष्ट्रीय मानक आले : प्रत्यक्ष काम करणारी माणकेच मोजावीत. बाजार प्रामाणिक असता, तर अशा मानकाची गरजच पडली नसती.

८/ आजच्या मोबाइलवरील शोभेच्या कॅमेऱ्यांना हसणाऱ्यांनी आजोबांच्या काळाला निर्दोष ठरवू नये. जुनी तबकडी हे इतिहासाचे साधन आहे आणि कोणतेही साधन तपासल्याविना पुरावा ठरत नाही. आधी मागचे झाकण उघडावे, गौरवगाथा मग लिहावी.