लिथियमचा टेंभा आणि मामाची फ्लॅशगन

मंडळी, आधी कबुली देऊन टाकतो. ज्या शहाण्यांवर आज तोंडसुख घेणार आहे, त्यांच्यात दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी पहिल्या रांगेत बसायचो.

राणीसावरगावला माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे. (परभणी जिल्हा, गंगाखेड तालुका. रेणुकामातेच्या देवळामुळे नाव ऐकलं असेल. नसेल तर आता ऐका.) पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन हे रोजचं, खरी कमाई लग्नांची. मी पुण्यात आयटीत, कॅमेरा मामाच्या कॅमेऱ्यापेक्षा महाग, शनिवार-रविवार पक्षी टिपणार. त्यामुळे या विषयात घरात माझा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. त्या मे महिन्यात एका लग्नासाठी गावी गेलो, तेव्हा मामाला भेट म्हणून लिथियमचे पेन्सिल सेल नेले. वापरा आणि फेका जातीचे. चारच्या पाकिटाला नऊशे रुपये, अशी दोन पाकिटं. "मामा, हे घाला. प्रोफेशनल लोक हेच वापरतात."

"कशाला एवढे पैसे घातलास लेका?" मामा म्हणाला. पण भाच्याचा मान म्हणून घातले.

दुपारी साडेबाराचा मुहूर्त, बाहेर ४२ अंश. मंडप लाल-पिवळ्या कापडाचा, म्हणजे फ्लॅश वर मारून उजेड खाली आणायची सोय नाही, चेहरे केशरी होतात. मामा थेट, फुल पॉवरवर मारत होता. पाहुण्यांचे ग्रुप, मानपान, मामेलोक, एकामागून एक. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या... आणि फ्लॅशचा लाल दिवा लागेचना. दहा सेकंद. पंधरा. हार घालून झाले.

झाकण उघडलं तर सेल हातात धरवेनात इतके तापलेले. मदतनीस पोराच्या खिशात दुकानातले साधे अल्कलाईन होते, ते घातल्याबरोबर फ्लॅश सुरू. म्हणजे फ्लॅश ठणठणीत, माझी भेट गचकली. नवरीच्या वडिलांनी हिशोब करताना हजार रुपये कापले. त्याच घरातल्या धाकटीचं लग्न यंदा झालं, फोटोग्राफर दुसरा होता. मामा मला एका शब्दानं बोलला नाही, याचंच जास्त लागलं.

आणि खरी गंमत पुढे. संध्याकाळी तेच सेल गार झाल्यावर पुन्हा व्यवस्थित चालले! तापलं की बंद, निवलं की सुरू: असला बग दिसल्यावर इंजिनिअरला झोप येते का? परत आल्यावर माहितीपत्रकं वाचून काढली. (हे घेण्याआधी करायचं असतं. असो.)

या सेलमध्ये एक सुरक्षेचा पडदा असतो, त्याला पीटीसी म्हणतात. सेल तापला की त्याचा रोध वाढतो आणि करंट आवळला जातो. तो हवाच, कारण आत जवळपास एक ग्रॅम धातुरूप लिथियम आणि पेट घेणारं द्रावण आहे. अशा सेलची मर्यादा सलग अडीच अँपिअर आणि झटक्यात चार, असं माहितीपत्रकातच छापलेलं सापडलं. आता फ्लॅशचं काम बघा. मोठ्या फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब आणि ७० ज्यूलच्या आसपास ऊर्जा भरायची, तीही दोन-तीन सेकंदांत, आणि लगेच पुन्हा. परभणीच्या मे महिन्यात हे करायला लावलं तर तो बिचारा पडदा आपलं काम चोख करतो. कॅननच्या ६००ईएक्स-आरटी फ्लॅशच्या पुस्तिकेत तर पेन्सिल आकाराचे लिथियम सेल वापरूच नका, काही वेळा ते फार तापतात, असं स्पष्ट लिहिलंय. पुस्तिका कोण वाचतो!

आमच्यासारखे शहाणे काय वाचतात? पाकिटावरचा आकडा. लिथियम १.५ व्होल्ट, चार्जिंगचा निकेल-मेटल हायड्राइड १.२ व्होल्ट. दीड मोठा, म्हणून दमदार. अहो, रांजण केवढा ते कशाला सांगता, तोटी केवढी ते सांगा ना. निकेलवाल्याचा आतला रोध कमी, पाच-सहा अँपिअर सहज देतो, फ्लॅश लवकर भरतो. हीच गत त्या नव्या १.५ व्होल्टच्या चार्जिंगवाल्या लिथियम पेन्सिल सेलची. आत कन्व्हर्टर बसवलेला, करंटवर मर्यादा, आणि संपताना काही सूचना न देता एकदम डोळे मिटतात. रिमोटला ठीक, लग्नाला नको. (गोडॉक्सच्या व्ही१ सारख्या फ्लॅशना स्वतःची लिथियम-आयन बॅटरी असते, ती गोष्ट वेगळी आणि चांगली आहे. पण त्यासाठी आख्खा फ्लॅश नवा घ्यावा लागतो.)

आता पैसे. मामाची हंगामात पंचवीस लग्नं. लग्नाला दोन संच धरले तर माझ्या थोर सल्ल्याचा खर्च ४५ हजार. अल्कलाईनचे तीन संच, दीडशे रुपये संच, तरी सव्वाअकरा हजार. बारा चार्जिंगचे सेल आणि चांगला चार्जर मिळून मी दिले साडेपाच हजार, एकदाच. कंपन्या हजारदा चार्ज होतील म्हणतात. मी निम्मं धरतो, तरी मामाची कितीतरी वर्षं निघतात.

"गावात लाईट नसते, चार्ज कुठे करणार?" हा पुण्यातल्या मित्रांचा ठरलेला प्रश्न. मामाचा आक्षेप वेगळा होता, आणि जास्त खरा: चार्जिंगचे सेल दगा देतात. सोमवारी भरून ठेवले की पुढच्या रविवारी अर्धे रिकामे. त्याने एकदा हात पोळून घेतले होते, आणि त्या काळी ते बरोबरच होतं. पण नोव्हेंबर २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले, वर्षभर पडून राहिले तरी ८५ टक्के शिल्लक अशा दाव्याचे. आता तसे सेल बऱ्याच कंपन्या करतात. म्हणजे लाईट असेल तेव्हा भरा, लग्न पंधरा दिवसांनी असलं तरी चालतं. त्यात स्टुडिओत इन्व्हर्टर आहेच. वीस वर्षांपूर्वीचा निकाल आजही लागू धरणं ही मामाची चूक म्हणायची, तर त्याला ते न सांगता महागडं पाकीट नेणं ही माझी.

आणि मेलेल्या सेलचं काय होतं? अल्कलाईनच्या हिशोबाने मामाच्या एका स्टुडिओतून हंगामात तीनशे सेल निघायचे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ते गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली (त्याआधीचे २००१ चे नियम लेड-ॲसिडपुरतेच होते). कागदावर छान. स्टुडिओमागच्या उकिरड्यावर मी ते सेल डोळ्यांनी पाहिलेत. तो उकिरडा अधूनमधून पेटवतात. त्यात लिथियम टाकायची अक्कल मी शिकवणार होतो.

लडाखला थंडीत निघालात तर लिथियम जरूर घ्या; उणे ४० अंशांपर्यंत चालतात, वजनाला हलके, वर्षानुवर्षं पडून टिकतात. पण हे कौतुक ज्यांनी पहिल्यांदा लिहिलं, ते बर्फात उभे होते. आपण ते वाचलं आणि मराठवाड्याच्या उन्हात नेऊन वाटलं.

सध्या मामाच्या बॅगेत साबणाच्या तीन डब्या आहेत, प्रत्येकीत चार सेल, मामीच्या नेलपेंटने नंबर घातलेले, म्हणजे संच मिसळत नाहीत. भरलेले सेल टोक वर, वापरलेले टोक खाली, ही पद्धत त्याची स्वतःची. डबी गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र ठेवायची नाही, एवढी एकच सूचना मी केली. लिथियमचं न फोडलेलं दुसरं पाकीट त्याने मला परत दिलं. "तुझ्या पक्ष्यांना घाल," म्हणाला.