रोहिणीताईंना आईपण फार लवकर दिले

‘अर्थ’ चित्रपटातली मोलकरीण मला आजही अस्वस्थ करते. मुलीच्या शाळेसाठी पै-पै साठवणारी, नवऱ्याने ते पैसे उधळल्यावर पेटून उठणारी. रोहिणी हट्टंगडी यांनी ती भूमिका केली, त्याच सुमारास ‘गांधी’तली कस्तुरबाही, त्या भूमिकेसाठी त्यांना ‘बाफ्टा’ पुरस्कार मिळाला. आणि आपल्या चित्रसृष्टीने काय केले? ‘अग्निपथ’मध्ये त्यांना आठ वर्षांनी मोठ्या असलेल्या अमिताभची आई केले! अखेर त्यांना मध्यवर्ती जागा दिली ती ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेने. माझी आई त्या मालिकेच्या वेळेत कुणाचा फोनही घेत नसे. मालिकांना नाके मुरडणाऱ्यांनी हे श्रेय मान्य करावे. लेखक-निर्मात्यांनो, साठी-सत्तरीतल्या अभिनेत्रींसाठी नायिकेच्या भूमिका लिहा. प्रेक्षक तयार आहेत.