मोबाईलची मोजणी आणि शेताचा बांध

हाती मोबाईल घेऊन शेताभोवती फेरी मारावी, पडद्यावर क्षेत्राचा आकडा पाहावा आणि तेवढ्यावरून शेजाऱ्याने बांध कोरला असा निष्कर्ष काढावा, हे योग्य नव्हे. मोकळ्या आकाशाखालीही मोबाईलने दाखविलेल्या स्थानात सुमारे ५ मीटरची चूक संभवते. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व तितकीच रुंद जागा. ५ मीटर म्हणजे तिची जवळजवळ निम्मी बाजू होय.

उपग्रहाचे घड्याळ व कक्षा यांतील सूक्ष्म फरक, वातावरणाच्या विद्युतभारित थरातून येताना संदेशास होणारा विलंब आणि भिंती किंवा पत्र्यावरून परावर्तित झालेला संदेश, ही या चुकीची मुख्य कारणे आहेत.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास पुन्हा मोजून तोच आकडा आला, म्हणजे मोजणी खरी ठरली, असे मानू नये. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ११ तास ५८ मिनिटांत एक प्रदक्षिणा करतात. दोन प्रदक्षिणांनंतर, म्हणजे २३ तास ५६ मिनिटांनी, ते आकाशात जवळजवळ पूर्वीच्याच जागी दिसतात. त्यामुळे गोठ्याच्या पत्र्यामुळे आज झालेली चूक उद्या सुमारे ४ मिनिटे आधी पुन्हा होऊ शकते. अशा वेळी चूकच चुकीची साक्ष देते. पडताळा घ्यावयाचा तर निराळ्या वेळी घ्यावा.

चूक दुरुस्त करण्याची खरी रीत वेगळी आहे. ज्या बिंदूचे स्थान पक्के ठाऊक आहे, तेथे एक यंत्र कायम ठेवतात. उपग्रहांवरून निघणारे स्थान व खरे स्थान यांतील तफावत ते सतत काढून परिसरातील मोजणी यंत्रास पुरविते. भारतीय सर्वेक्षण विभागाने अशी केंद्रे उभारली आहेत. त्यांच्या आधारे रोव्हर यंत्राची मोजणी काही सेंटिमीटरपर्यंत अचूक येते. मात्र गोठ्याच्या पत्र्याने होणारी चूक दूरच्या केंद्रास कळत नाही. तेथे मोकळी जागाच निवडावी लागते.

महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलने पिकाची नोंद करतात. पीक कोणत्या शेतात उभे आहे, हे दाखविण्यास मोबाईल पुरेसा आहे. बांध कोठे आहे, हे ठरविण्यास नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा भेद शेतकरी बंधूंना समजावून द्यावा. हद्दीविषयी शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडे रीतसर मोजणीचा अर्ज करावा. मोजणीची फी भरणे परवडते. वर्षानुवर्षांची कोर्टकचेरी आणि शेजाऱ्याशी धरलेला अबोला परवडत नाही.