विश्लेषण : मोझरी अमरावती जिल्ह्यात आहे, हे संगणकाला कसे कळते?

तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरी येथे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण झाले. आता कुणी मोबाइलवर विचारले, 'अमरावती जिल्ह्यात निधन झालेले संत कोण?', तर वऱ्हाडातला कुणीही क्षणात सांगेल. संगणकाची मात्र अडचण होते. त्याच्याकडे 'निधन मोझरीत', 'मोझरी तिवसा तालुक्यात' आणि 'तिवसा अमरावती जिल्ह्यात' एवढ्याच नोंदी असतील, तर मधल्या पायऱ्या कोण चढणार?

सिमँटिक वेब म्हणजे काय?

यंत्राला अर्थ कळेल अशा, तीन भागांच्या छोट्या विधानांत माहिती लिहायची पद्धत. एक वस्तू, दुसरी वस्तू आणि त्यांच्यातले नाते. २०१२ मध्ये सुरू झालेला विकिडेटा हे याच प्रकारचे, कुणालाही वापरता येणारे भांडार.

मग दोन मार्ग कोणते?

पहिला मार्ग नियमाचा. 'अ हे ब मध्ये, ब हे क मध्ये, तर अ हे क मध्ये' असे एकदा सांगायचे. यंत्र सगळी नवी विधाने काढून साठवून ठेवते. (काही यंत्रणा नियम विचारल्यावरच चालवतात, पण साठवण्याची पद्धत बरीच रूढ आहे.) दुसरा मार्ग प्रश्नाचा. नोंदी आहेत तशाच ठेवायच्या आणि विचारताना साखळी चढायची. स्पार्कल या प्रश्नभाषेच्या २०१३ च्या आवृत्तीपासून हव्या तितक्या पायऱ्या एकाच प्रश्नात चढता येतात.

नियमाचा मोह स्वाभाविक आहे. उत्तर झटपट मिळते आणि सगळ्यांना एकच मिळते. पण गावांच्या माहितीसाठी तो मार्ग धोक्याचा आहे, आणि त्याचा दाखला शेजारीच आहे.

वाशीमने काय शिकवले?

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. कारंजा तालुका वाशीमकडे गेला. मूळ नोंद एकच बदलायची, 'कारंजा तालुका वाशीम जिल्ह्यात'. पण नियमाने आधीच साठवलेली 'हे गाव अकोला जिल्ह्यात' ही तालुक्यातल्या प्रत्येक गावाची विधाने? तीही शोधून पुसावी लागतात. चांगली यंत्रणा ती आपोआप पुसते, हे खरे. पण ज्यांनी आधीच प्रत उतरवून आपल्या ॲपमध्ये घातली, त्यांच्याकडे जुना जिल्हा तसाच राहतो. एखाद्या शेतकऱ्याचा अर्ज अशा यादीवरून चुकीच्या जिल्हा कार्यालयात गेला, तर हेलपाटे त्यालाच.

शिवाय इंग्रजी अमदानीत १९०५ पर्यंत वाशीम हा स्वतंत्र जिल्हाच होता. म्हणजे 'कोणत्या जिल्ह्यात?' याला 'कधी?' हा उपप्रश्न जोडलेलाच आहे. साध्या नियमाला काळ कळत नाही. नोंदीसोबत तारखा असतील, तर प्रश्नात तो घालता येतो.

प्रश्नाच्या मार्गात काहीच खोट नाही?

आहे. विकिडेटाची प्रश्नसेवा असे निष्कर्ष साठवत नाही, साखळी विचारणाऱ्यालाच चढावी लागते. त्यात एका प्रश्नाला ६० सेकंदांची मर्यादा आहे, मोठा प्रश्न अर्ध्यावर तुटतो. त्याहून वाईट म्हणजे साखळी चढायला विसरलेला प्रश्न तुटतही नाही. मोझरी गाळून तो निमूटपणे अर्धवट यादी देतो. म्हणून अशा माहितीवर ॲप बांधणाऱ्यांनी नीट तपासलेला प्रश्न एकाच ठिकाणी ठेवून सगळीकडे तोच वापरावा. प्रत्येकाने आपापला लिहिला, तर प्रत्येकाची चूक वेगळी.

नियम टाकाऊ मुळीच नाहीत. 'संतकवी हा कवी असतोच' किंवा 'अ ही ब ची पत्नी, तर ब हा अ चा पती' अशा गोष्टी शासनाच्या अधिसूचनेने बदलत नाहीत. तिथे नियमच हवा.

जिल्ह्यांच्या सीमा मात्र बदलतात. अमरावती जिल्ह्याचे विभाजन करून अचलपूर जिल्हा करण्याची मागणी जुनीच आहे. उद्या ती मान्य झाली, तर प्रश्नाच्या पद्धतीत नव्या जिल्ह्यात जाणाऱ्या तालुक्यांच्या तेवढ्या नोंदी बदलाव्या लागतील. नियमाने साठवलेल्या पद्धतीत त्या तालुक्यांतल्या एकूण एक गावाची.