खुला गट कोणाच्या मालकीचा?

पेणच्या रामवाडीत एसटीचे रायगड विभागीय कार्यालय आहे. महामार्गालगत गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या तरुणांच्या तोंडी कबड्डी असणार, हे रायगडात कोणाला सांगावे लागत नाही. पण मोबाईलच्या कृपेने आता या गप्पांत बॉक्सिंगही शिरले आहे. मेरी कोम मोठी की निखत झरीन? महंमद अली आणि माईक टायसन एकाच काळात असते तर कोण पडला असता? वाद हातघाईवर येतात, आणि ते येऊ द्यावेत. आमची तक्रार नाही. उलट या पोरांच्या वादात एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. हलक्या वजनाचा विजेता हा कमी प्रतीचा विजेता, असे त्यांच्यातला एकही जण म्हणत नाही.

५० किलोची निखत ७५ किलोच्या लवलिनापुढे उभी राहिली तर काय होईल, हे शेंबड्या पोरालाही कळते. तरीही २०२३ साली दिल्लीत दोघी जगज्जेत्या झाल्या तेव्हा निखतचे सुवर्ण लवलिनाच्या सुवर्णापेक्षा हलके आहे, असे कोणी लिहिले नाही. वजन वेगळे, म्हणून गट वेगळा. ठोसा मात्र दोघींनीही मारायचा, पंच तेच, नियम तेच, फेऱ्या तेवढ्याच. एवढी साधी गोष्ट आहे. आता हेच तरुण उद्या वैद्यकीय प्रवेशाची यादी पाहायला जातील. तिथे अनुसूचित जातीच्या मुलाचे नाव दिसले की त्यांच्यातल्याच काहींच्या तोंडून शब्द बाहेर पडेल, ‘गुणवत्ता मारली गेली!’ रिंगणात जो न्याय डोळे झाकून मान्य, तो प्रवेशयादीत अमान्य का?

यावर ठरलेले उत्तर येते: खेळ वेगळा, डॉक्टरकी वेगळी, उद्या रोगी मेला तर? अहो, आरक्षण दाराशी असते, परीक्षेत नसते. एम.बी.बी.एस.ची अंतिम परीक्षा सर्वांना एकच, उत्तीर्ण होण्याची रेषाही एकच. हलक्या गटातल्या बॉक्सरला कोणी दोन ठोसे उधार देत नाही, तसेच हे आहे.

वजनगट का आले, हेही पाहिले पाहिजे. उघड्या मुठींनी लढण्याच्या जमान्यात ज्याचे अंग मोठे त्याचे राज्य. खेळात न्याय हवा असेल तर आधी काटा हवा, ही अक्कल माणसाला हळूहळू आली. आपल्याकडे ती एका राजाला फार लवकर आली होती. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी आपल्या संस्थानात पन्नास टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, आणि त्याच राजाने कोल्हापुरात खासबागेचे कुस्ती मैदान उभारले. महाराज स्वतः मल्ल होते. आरक्षणावर आक्षेप घेणाऱ्या वकील अभ्यंकरांना त्यांनी घोड्यांच्या पागेत नेऊन हरभरे एकत्र टाकायला लावले, दांडग्या घोड्यांनी ते फस्त केले आणि अशक्त तसेच उपाशी राहिले, ही गोष्ट आपल्या सभांतून शेकडो वेळा सांगितली गेली आहे. जोडी कशी लावावी हे कळणाऱ्या मल्लालाच ती सुचावी, यात आम्हांला नवल वाटत नाही.

गट पुरेसे नसले तर काय होते, त्याचे उदाहरण मेरी कोम. २०१२ साली लंडनला महिलांचे बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आले. पुरुषांना दहा वजनगट, महिलांना अवघे तीन, त्यांतला सर्वांत हलका ५१ किलोचा. मेरीने तोवरची पाच जगज्जेतेपदे मिळवली होती ती याहून खालच्या वजनात. ती वजन वाढवून उतरली आणि उपांत्य फेरीत इंग्लंडच्या निकोला ॲडम्सकडून हरून कांस्य घेऊन आली. कांस्य कमी नव्हे. पण तिच्या वजनाचा गटच ठेवला नाही, हा दोष तिच्या मुठीचा नव्हता. पॅरिसला २०२४ साली पुरुषांचे सात आणि महिलांचे सहा गट झाले. बारा वर्षे लागली. आणि त्याच पॅरिसमध्ये कुस्तीच्या ५० किलो गटात विनेश फोगट शंभर ग्रॅमने बाद झाली तेव्हा सारा देश हळहळला, पण वजन मोजताच कशाला, असे कोणी विचारले नाही.

आता खुल्या गटाकडे येऊ, कारण खरे दुखणे तिथे आहे. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये हेवीवेट म्हणजे खुला गट. त्याला वरची मर्यादा नाही, आणि हलक्या वजनाच्या माणसाने त्यात उतरू नये असाही नियम नाही. १९८५ साली लाइट हेवीवेटचा विजेता मायकेल स्पिंक्स वरच्या गटात गेला आणि त्याने लॅरी होम्सला हरवून हेवीवेटचे विजेतेपद घेतले. तुझा गट खालचा, तू खालीच राहा, असे त्याला कोणी सांगितले नाही.

पण हे झाले १९८५ चे. त्याआधी हाच खुला गट अमेरिकेतल्या गोऱ्यांनी आपल्या सातबाऱ्यावर चढवून ठेवला होता. गोरे विजेते काळ्या प्रतिस्पर्ध्याशी लढायलाच नकार देत. जॉन सुलिव्हनने तर ते उघड सांगितले. जॅक जॉन्सनने १९०८ साली सिडनीत टॉमी बर्न्सला हरवून ती भिंत फोडली, तेव्हा गोऱ्यांनी निवृत्त जेफ्रीजला ‘गोऱ्यांची आशा’ म्हणून परत उभे केले. ४ जुलै १९१० रोजी जॉन्सनने त्यालाही पाडले आणि त्या रात्री अनेक शहरांत काळ्यांवर हल्ले झाले. १९१५ मध्ये जॉन्सन हरला, आणि पुढचा काळा हेवीवेट विजेता जो लुई यायला १९३७ साल उजाडले. मधल्या बावीस वर्षांत काळ्यांच्या मुठी लुळ्या पडल्या होत्या काय? त्यांना रिंगणात येऊच दिले नाही, आणि त्या बंद दाराआड जे जिंकले त्यांच्या गुणवत्तेचे पोवाडे गायले गेले.

आपल्याकडचा दाखला क्रिकेटचा आहे. पालवणकर बाळूने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, पण हिंदू संघाचे कप्तानपद चांभाराच्या पोराला कधी दिले गेले नाही. चेंडू त्याचा चालला, हातचा चहा चालला नाही. तो त्याला पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या पेल्यातून मिळे. पुढे हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. ते राजकारण आम्हांला तेव्हाही पटण्यासारखे नव्हते, आजही नाही. म्हणून त्यांच्या डाव्या हाताची फिरकी आम्ही का नाकारावी?

खुली जागा ही सवर्णांची राखीव जागा नव्हे, ती सर्वांना खुली आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव प्रकरणात पुन्हा सांगावे लागले. राखीव गटातला उमेदवार आपल्या गुणांवर खुल्या यादीत बसत असेल तर त्याला तिथेच बसवले पाहिजे. स्पिंक्सला जे एका रात्रीत मिळाले, ते आमच्या मुलांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळवावे लागते.

प्रशिक्षकांचा वादही रामवाडीत रंगतो, आणि तिथे आमचा एक जुना काटा सलतो. १९५४ साली लुईव्हिलमध्ये बारा वर्षांच्या काळ्या पोराची सायकल चोरीला गेली. चोराला बदडून काढतो म्हणत तो जो मार्टिन नावाच्या गोऱ्या पोलिसाकडे गेला. मार्टिन म्हणाला, आधी लढायला शीक. आणि त्याने शिकवले. तोच पुढे महंमद अली झाला, १९६७ मध्ये व्हिएतनामच्या लढाईत जायला नकार देऊन पदाला मुकला. आमच्या देशात उत्तम प्रशिक्षकाला १९८५ पासून सरकार जो पुरस्कार देते त्याला नाव आहे द्रोणाचार्याचे. पहिल्याच वर्षी तो बॉक्सिंगचे ओ. पी. भारद्वाज यांना मिळाला. भारद्वाजांनी आयुष्य पोरे घडवण्यात घातले. त्यांच्या गळ्यात अंगठा मागणाऱ्याचे नाव का? अंगठा गेला तर मूठच आवळत नाही, हे बॉक्सिंगच्या प्रशिक्षकाइतके कोणाला ठाऊक असेल?

आता एक प्रश्न, जो विरोधक नव्हे, आपलीच माणसे विचारतात. वजनगटाचा न्याय मान्य, तर अनुसूचित जातींच्या आत आणखी गट का नकोत? १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने उपवर्गीकरणाला मुभा दिली आणि चळवळीत दोन तट पडले. आम्ही या प्रश्नाला पाठ दाखवणार नाही. मातंग किंवा मेहतर वस्तीतल्या मुलाला, तुझे वजन मोजायचे नाही, असे सांगण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला?

पण बॉक्सिंगचे रसिक आणखी एक गोष्ट जाणतात. मूळच्या आठ गटांचे व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सतरा झाले, त्यावर चार संघटना, प्रत्येकीचा वेगळा पट्टा, आणि प्रत्येक पट्ट्याच्या लढतीमागे संघटनेची फी. काही गट बॉक्सरचा जीव वाचवायला झाले, काही धंदेवाल्यांच्या गल्ल्यासाठी. उपवर्गीकरण यांपैकी कशासाठी, हे आम्हांला आधी कळू द्या. गट पाडायचे तर आकडेवारीच्या आधारे, असे न्यायालयानेही बजावले आहे. तेव्हा सरकारने प्रथम आपल्या खात्यांतला अनुशेष जातवार आणि पदवार जाहीर करावा: किती जागा मंजूर, किती भरल्या, किती वर्षे रिकाम्या, आणि शिपायाच्या खुर्चीवर कोण, सचिवाच्या खुर्चीवर कोण. एखाद्या उपगटात उमेदवार मिळाला नाही तर ती जागा अनुसूचित जातींकडेच राहील की गुपचूप खुल्यात जाईल, हेही लेखी द्यावे. या दोन कागदांशिवाय कोणत्याही मसुद्यावर सही करू नये, असे आम्ही आमच्या आमदारांना, ते कोणत्याही पक्षाचे असोत, आजच सांगून ठेवतो.