रोबोटिक्सला टाकायचंय? आधी त्या रोबोटला हात लावून बघा

परवा रात्री साडेनऊला फोन आला. कुकाण्याच्या पलीकडच्या एका गावातले शेतकरी, माझे जुने वाचक. तीन एकर वावर, त्यात ऊस आणि कांदा. म्हणाले, "पत्रकार, झोपले नाही ना? पोरीचं विचारायचं होतं. ती म्हणती रोबोटिक्सच करायचं. पुण्याकडच्या एका युनिव्हर्सिटीतून रोज फोन येतोय, पन्नास हजार भरा, सीट धरून ठेवतो म्हणत्यात. वर्षाला तीन लाख फी. सोसायटीचं आधीचंच कर्ज आहे, आता वावर तारण ठेवावं लागंल. काय करू?"

मी म्हणालो, "आप्पा, घाई करू नका, बघू." तर ते म्हणाले, "आवो, तुमीच तर लिवलं होतं पुढचा जमाना रोबोटचा म्हणून. कात्रण हाय माज्याकडं."

त्या कात्रणामुळं ही पोस्ट लिहितोय. लांब होईल. ज्यांच्या घरात बारावीचं पोरगं-पोरगी आहे त्यांनी तेवढी वाचावी, बाकीच्यांनी खाली सरकलं तरी राग नाही.

आधी माझं सांगतो. मी गेली वीस वर्षं नेवाशातून बातम्या देतो. शिक्षण पत्रकारितेची पदविका. गणिताशी माझं दहावीलाच फाटलं. दरवर्षी जून-जुलैत आमच्याकडं 'करिअर विशेष' पुरवणी निघते. पुरवणी जाहिरातींवर चालते आणि त्या जाहिराती आणायचं काम आमच्यासारख्या तालुक्याच्या वार्ताहरांकडं असतं. त्यात आम्हाला कमिशन मिळतं. हे गुपित नाही, पण कुणी लिहीत नाही. 2023 च्या पुरवणीत एका संस्थेची अर्धं पान जाहिरात मी आणली आणि शेजारच्या अर्ध्या पानात 'भविष्याची शाखा : रोबोटिक्स' असा मजकूरही मीच लिहिला. लॅब पाहिली नव्हती. माहितीपत्रक समोर ठेवून लिहिलं. फोटोत एक पिवळा यांत्रिक हात होता आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या कोटातली पोरं हसत उभी होती.

तो मजकूर वाचून आमच्याच आळीतल्या एका पोरानं तिथं प्रवेश घेतला. गेल्या दिवाळीत भेटला तेव्हा मी हौसेनं विचारलं, काय रे, रोबोट चालवतोस का? तो म्हणाला, "काका, चार सेमिस्टर झाले. तो हात एकदा दाखवला, काचेच्या मागून. बिघडला तर दुरुस्तीला बाहेरून माणूस बोलवावा लागतो म्हणून चालूच करत नाहीत." प्रॅक्टिकलच्या वहीत आकृती काढायची आणि सरांची सही घ्यायची. त्याच्या वडिलांनी पहिल्या वर्षाचा दुसरा हप्ता भरला तो डिसेंबर 2023 मध्ये. कांद्याची निर्यातबंदी झाली तो महिना आठवतोय ना? त्या बंदीनं भाव असे पडले की घोडेगावच्या बाजारातून पट्टी घेऊन आलेली माणसं बोलत नव्हती. त्या पैशातून ही फी गेली. पोरगा मला काही बोलला नाही. त्याला कदाचित ठाऊकही नसेल की तो मजकूर माझा होता. त्यावर नाव नव्हतं.

मग ही शाखाच खोटी आहे का? नाही. अजिबात नाही. तसं समजून कुणी पोराला मागं ओढू नये.

मेकॅट्रॉनिक्स हा शब्द 1969 मध्ये जपानच्या यास्कावा इलेक्ट्रिक कंपनीतल्या तेत्सुरो मोरी नावाच्या इंजिनियरनं काढला. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची गाठ मारली. पुढं त्यात कॉम्प्युटर आला. शब्द परका असला तरी गोष्ट आपल्या वावरात आहे. विहिरीवरचा ऑटो स्विच घ्या. लाइट आली का, तिन्ही फेज आहेत का, हे तो बघतो, थोडं थांबतो आणि मोटर चालू करतो. बघणं, ठरवणं, हलवणं. इंजिनियर लोक त्याला सेन्सर, कंट्रोलर, ॲक्च्युएटर म्हणतात. रोबोटमध्ये हेच असतं, फक्त सेकंदाला शेकडो वेळा. आणि शिकायचं काय, तेही ऑटो स्विचवरूनच कळतं. लाइट आली की एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठतात, डीपीवर ताण येतो, जळतो, आणि मग पुढचे आठ दिवस आपण महावितरणच्या दारात. महावितरण सारखं सांगतं की ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. एक यंत्र एकटं बरोबर चालतं आणि पन्नास मिळून घोळ घालतात. असा घोळ होऊ न देणं हाच या शिक्षणातला अवघड भाग आहे. त्याला कंट्रोल सिस्टिम म्हणतात आणि त्यात गणित भरपूर आहे. रोबोटचा हात बाटली उचलतो तेव्हा प्रत्येक सांधा किती अंशात वळवायचा याचा हिशेब मॅट्रिक्सनं होतो. म्हणजे मेकॅनिकलचं यंत्रशास्त्र, इलेक्ट्रिकलच्या मोटरी आणि ड्राइव्ह, इलेक्ट्रॉनिक्सचे मायक्रोकंट्रोलर, पीएलसी, हायड्रॉलिक, न्यूमॅटिक, वर प्रोग्रामिंग. "मेकॅनिकल जड जाईल म्हणून रोबोटिक्स घेतो" असं म्हणणारा पोरगा मला यंदाच भेटला. त्याला म्हणालो, बाबा, तू जड वाटतंय म्हणून दुप्पट उचलतोयस.

कामं आहेत का? आहेत. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकड्यांप्रमाणं 2023 या एका वर्षात भारतात 8,510 औद्योगिक रोबोट बसले, आदल्या वर्षापेक्षा 59 टक्के जास्त. जगात त्या वर्षी आपला सातवा नंबर होता. छाती फुगवण्याआधी हेही वाचा की त्याच वर्षी चीनमध्ये 2 लाख 76 हजारांच्या वर बसले. आपल्याकडं सगळ्यात जास्त रोबोट गाड्यांच्या धंद्यात आहेत, आणि तो धंदा कुठं आहे? चाकण, रांजणगाव आणि आपल्या नाकासमोर वाळूज. प्रवरासंगमचा पूल ओलांडला की तासाभरात वाळूज एमआयडीसी. बजाज ऑटोनं चाकणला माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारे छोटे रोबोट, ज्यांना कोबॉट म्हणतात, 2010 च्या सुमारासच आणले. तिकडं कामाला जाणारी नेवाशाची पोरं मला सांगतात की रोबोट बंद पडला की लाइन थांबते, आणि लाइन थांबली की मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळतं. त्या वेळी जो तो चालू करून देतो त्याला मान आहे. पण तो माणूस बऱ्याचदा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा झालेला असतो. कंपनी पदवीवरचं नाव कमी बघते आणि पीएलसीसमोर उभं केल्यावर हात चालतो का ते जास्त बघते. उलट सरकारी नोकरीत नाव बघतात. जाहिरातीत शाखा लिहिलेली असते आणि तुमची शाखा 'ऑटोमेशन अँड रोबोटिक्स' असली तर ती मेकॅनिकलच्या बरोबरीची आहे की नाही यावर कागद फिरत राहतात. गेट परीक्षेतही रोबोटिक्सचा वेगळा पेपर नाही, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन यांपैकी एक धरावा लागतो. एमपीएससी-यूपीएससी डोक्यात असेल तर आधी मागच्या दोन-तीन वर्षांच्या जाहिराती काढून बघा, मग फॉर्म भरा.

आता पैशाचं. आप्पांच्या फोनमधला खरा मुद्दा हाच होता आणि तो त्यांना माहीतच नव्हता.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट अशी की कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे आणि प्रवेश कॅपमधून पाहिजे. संस्था स्तरावर, म्हणजे आपण ज्याला मॅनेजमेंट कोटा म्हणतो तिथं घेतला तर माफी नाही. आणि त्याच निर्णयात स्पष्ट लिहिलंय की खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळली आहेत. म्हणजे आप्पांच्या पोरीनं कॅपमधून साध्या विनाअनुदानित कॉलेजात मेकॅट्रॉनिक्स घेतलं तर शिक्षण फी शून्य. रोज फोन करणाऱ्या त्या युनिव्हर्सिटीत घेतलं तर चार वर्षांचे बारा लाख, वर मेस आणि होस्टेल. पोरगी तीच, शाखा तीच. फरक फक्त पाटीवर 'कॉलेज' आहे की 'युनिव्हर्सिटी' याचा. खेड्यात युनिव्हर्सिटी हा शब्द मोठा वाटतो. आपल्याला वाटतं पुणे विद्यापीठासारखंच काहीतरी असेल. फोन करणाऱ्या पोरी (त्याही बिचाऱ्या पंधरा हजारांवर काम करतात) हा फरक सांगत नाहीत. आणि आम्ही पुरवणीवाले तरी कुठं सांगतो?

हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाले, "मंजी वावर ठिवायचं कामच नव्हतं?"

पोरांसाठी एवढी माफी नाही. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मी शिक्षण फी मिळते, तीही कॅपमधूनच. होस्टेलचा खर्च दोघांनाही आहेच. आणि एक लक्षात ठेवा, पहिल्या राऊंडला तुम्ही एक नंबरला भरलेला पर्याय लागला तर ती सीट पक्की होते, पुढच्या राऊंडला संधी नाही. म्हणून एक नंबरला काय टाकायचं ते सायबर कॅफेवाल्याला ठरवू देऊ नका.

कुठं घ्यायचं हे मी सांगणार नाही. एकदा सांगून बसलोय. आपल्याच जिल्ह्यात कोपरगावला संजीवनी अभियांत्रिकीत मेकॅट्रॉनिक्सचा विभाग आहे. पुण्यात तर कुठं रोबोटिक्स अँड ऑटोमेशन, कुठं ऑटोमेशन अँड रोबोटिक्स, कुठं रोबोटिक्स अँड एआय. नावं फिरवून फिरवून ठेवली आहेत. सीईटी सेलच्या यादीत कॉलेजचा कोड बघा, फी बघा, आणि मग प्रत्यक्ष जा. ऑफिसात बसू नका, थेट लॅबमध्ये जा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांना बाजूला घेऊन विचारा की हा हात शेवटचा कधी चालवला. पीएलसीचे किती संच आहेत आणि एका संचावर किती पोरं असतात. शिकवणारे सर कायमचे आहेत का तासिकेवरचे. लॅबची किल्ली कुणाकडं असते, हेही विचारा. ज्या कॉलेजात रोबोकॉनसारख्या स्पर्धेची पोरं रात्री दहाला वेल्डिंग करताना दिसतील, तिथं मी माझं पोरगं डोळे झाकून टाकीन, मग शाखेचं नाव साधं मेकॅनिकल का असेना.

थोडं पुढाऱ्यांसाठी. आपल्या तालुक्यात दोन मोठे सहकारी कारखाने आहेत, सोनईचा मुळा आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर. आजकाल साखर कारखाना म्हणजे मेकॅट्रॉनिक्सचं चालतं-बोलतं पुस्तक असतं. गव्हाणीतून ऊस पुढं सरकतो, मिलच्या तोंडाशी उसाची पातळी सेन्सर मोजतो, त्यावर कॅरियरचा वेग कमी-जास्त होतो. बॉयलरचं पाणी, वाफेचा दाब, डिस्टिलरी, सगळीकडं हेच. हंगाम संपला की पाच-सहा महिने दुरुस्तीचं काम चालतं. त्या काळात तालुक्यातल्या इंजिनियरिंगच्या, आयटीआयच्या वीस-पंचवीस पोरांना इन्स्ट्रुमेंट विभागात हात काळे करू द्यायला किती खर्च येईल? कारखान्याला काही यंत्र विकत घ्यायचं नाही. फक्त दार उघडायचंय. सभासदांची पोरं आहेत ती. वार्षिक सभेत उसाच्या भावाबरोबर हाही विषय कुणीतरी काढा, बातमी मी लावतो.

शाळांचंही तेच. अटल टिंकरिंग लॅबसाठी केंद्राकडून एका शाळेला 20 लाखांपर्यंत मिळतात. 2025 च्या बजेटमध्ये पाच वर्षांत 50 हजार लॅब सरकारी शाळांत करू असं सांगितलंय. छान आहे. पण लॅब मिळालेल्या शाळेत गेलात तर कपाटाचं कुलूप बघा, त्यावर धूळ आहे का.

पैस खांबाचा उल्लेख केल्याशिवाय आपल्याकडं कुणाचं भाषण संपत नाही, म्हणून मी टाळत होतो. पण एक गोष्ट खटकते. ज्या गावात सातशे वर्षांपूर्वी गीता मराठीत आली, त्या गावच्या पोरांना पहिल्या वर्षी इंग्रजीची भीती वाटून विषय राहतात. पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजनं 2021 पासून कॉम्प्युटर इंजिनियरिंग मराठीतून सुरू केलं. मेकॅट्रॉनिक्स मराठीतून शिकवा असं मी म्हणत नाही, कंपनीतले मॅन्युअल इंग्रजीतच असतात. पण पहिलं वर्षभर सरांनी वर्गात मराठीत समजावलं तर आकाश कोसळणार नाही.

आळीतल्या त्या पोराच्या वडिलांना काल जाऊन भेटलो. सांगितलं की तो मजकूर मी लिहिला होता, न बघता. ते म्हणाले, "जाऊ द्या, तुमचं तरी काय." चहा दिला. तो चहा घशाखाली उतरत नव्हता. पोराला वाळूजला महिनाभराचं काम शिकायला मिळतंय का ते बघतोय. तिथं कुणाची ओळख असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा. पोरगा हुशार आहे, फुकट काम करायला तयार आहे.

आणि आप्पा त्यांच्या पोरीला घेऊन शनिवारी कोपरगावला लॅब बघायला निघालेत, श्रीरामपूरमार्गे. मी सोबत जातोय. सकाळी साडेसातला नेवासा स्टँडवरून निघू. गाडीत दोन जागा शिल्लक आहेत.